घरातलीचं नाव

"हॅलो?… हॅलो, कोण?… बाळ का?… अरे, मी विनोदिनी, महाडहून… हो, हो, रावजीशेठच्या पेढीवरून… येतंय रे ऐकू, तू एवढा ओरडू नकोस."

ओरडत होत्या त्या विनोदिनीबाईच. मुलींच्या शाळेत शिकवून शिकवून त्यांचा आवाज असा तयार झाला होता की वर्गात त्या पुटपुटल्या तरी शेवटच्या बाकावरची पोरगी दचकायची. आज तर थेट मुंबई गाठायची होती. रावजीशेठच्या तांदळाच्या पेढीवर गेल्या दिवाळीत टेलिफोन आला, तेव्हापासून महाडातली निम्मी गुपितं पेढीवरच्या गिऱ्हाइकांना फुकटात ऐकायला मिळत. आत्ताही चार-पाच जण तांदळाचे दाणे दाताखाली धरून भाव विचारायचं विसरले होते.

समोरच्या बाकावर कुडपणची रखमा बसली होती, तिच्या शेजारी सासू ठमाबाई आणि दोघींच्या पायाशी पत्र्याची नवी ट्रंक. पहाटे डोंगर उतरून त्या पोलादपूरला आल्या होत्या आणि तिथून मोटारीनं महाडला. रखमाचा नवरा भागोजी तिकडे आफ्रिकेत मोंबासाच्या गोदीत कामाला होता. त्याला जाऊन चार वर्षं झाली, आणि आता त्यानं बायकोला बोलावून घेतलं होतं. बोट बुधवारी सुटायची होती. ती चुकली की मधे पावसाळा, आणि पावसाळ्यानंतरचं कोणी पाहिलंय?

बाईंचा धाकटा भाऊ बाळ मुंबईत बोटीच्या एजंटाच्या कचेरीत कारकून होता, म्हणून हे सगळं लचांड बाईंनी आपल्या अंगावर घेतलं होतं. खरं सांगायचं तर हौसेनं घेतलं होतं.

"कागद पोचले ना सगळे?… मग घोडं अडलं कुठं?… अरे, तूच लिहिलं होतंस ना, तिथं जायला व्हिसा लागत नाही म्हणून?… हो… हो… बादशहा एकच, राज्य एकच, ते मला नको सांगूस, मी चौथीला भूगोल शिकवते… काय?… व्हिसा नको म्हणजे काहीच नको असं नव्हे?… हे तू आत्ता सांगतोयस?"

आत्ता सांगण्याचं कारण बाईच होत्या. बाळनं 'व्हिसा लागत नाही' एवढंच लिहिलं होतं. बाईंनी रखमाला सांगताना त्याचं 'काही लागत नाही, बसायचं नि उतरायचं' करून टाकलं, आणि कुडपणला पोचेपर्यंत त्याचं 'सरकार स्वतः न्यायला येतंय' झालं. मग एकेक मागणी येऊ लागली. पासपोर्ट पाहिजे. त्यावर फोटो पाहिजे. देवी टोचल्याचा दाखला पाहिजे. आणि बायकोला मीच सांभाळीन, असं नवऱ्यानं तिकडच्या साहेबापुढं लिहून दिलेलं हमीपत्र पाहिजे.

"देवीचा दाखला बघितलास?… दंडावर वण आहेत रे, मी स्वतः पाहिलेत… फोटो?… हो, दुसरा पाठवलाय, एकटीचा."

पहिल्या फोटोत ठमाबाईही होत्या. परक्या पुरुषापुढं सून एकटी कशी बसणार, म्हणून त्या शेजारी बसल्या आणि सुनेपेक्षा ठसठशीत आल्या. तो फोटो पुढच्याच टपालानं परत आला होता.

"मग राहिलं काय?… हमीपत्र?… त्याला काय झालं?… बायकोचं नाव रखमा. पासपोर्टातही तेच आहे… हमीपत्रात काय लिहिलंय?… पुन्हा सांग… घरातली?… बाळ, थट्टा नको, ट्रंक कॉल आहे… बरं, एकेक अक्षर वाच… जी… एच… ए…"

बाईंनी रिसीव्हरवर हात ठेवला आणि त्यांना हसू आवरेना. काय घडलं असेल ते त्यांच्या ध्यानात आलं होतं. कुडपणात बायको नवऱ्याचं नाव घेत नाही, तसा नवराही बायकोचं घेत नाही. मोंबासाच्या साहेबानं विचारलं असेल, बायकोचं नाव काय? भागोजीनं मान खाली घालून सांगितलं असेल, आमच्या घरातली. लिहिणाऱ्याला मराठीचा गंध नाही, त्यानं तेच नाव समजून उतरवलं आणि वर शिक्का मारला. आता सरकारदप्तरी भागोजीची बायको घरातली शेलार होती, आणि पासपोर्टातली रखमा ही कोणी भलतीच बाई ठरत होती.

त्यांनी दोघींना हे समजावून सांगितलं. ठमाबाईंना त्यात हसण्यासारखं काही दिसलं नाही. चार माणसांत बायकोचं नाव घ्यायला आपला लेक काय तमासगीर आहे, असं त्यांचं म्हणणं पडलं. रखमा मात्र ट्रंकेकडे बघत राहिली.

"मंग माजं जानं नाय?" तिनं विचारलं.

बाईंचं हसू तिथल्या तिथं विरलं. त्यांना स्वतःचाच राग आला, आणि राग आला की त्यांचा आवाज आणखी चढे.

"हॅलो… आहेस ना?… अरे ऐक ना. हमीपत्र सुधारून मागवायला किती दिवस?… जायला तेवढे, यायला तेवढे… म्हणजे पावसाळाच की… नाही, नाही, ते जमायचं नाही. तू असं कर, तुझ्या साहेबांना विचार… आत्ता विचार. मी लिहून देते, आमच्या मुलखात घरातली म्हणजे बायको. वर मामलेदारांची सही आणते… थांबते."

पेढीवर सगळेच थांबले. तराजूतला तांदूळसुद्धा कोणी उतरवला नाही.

"हां, बोल… चालेल?… कागद मागाहून चालेल? देव पावला… मग?… जागा आजच धरायची, बरं… आणि खात्री?… तिनंच?… सासू बसलीय रे इथं, आईनं सांगितलं तर?… बायकोनंच, स्वतःच्या तोंडानं… नवऱ्याचं पूर्ण नाव… अरे, साहेबांना काय सांगू मी, इकडे बायका…"

बोलता बोलता बाई थांबल्या. दर चैत्रात हळदीकुंकवाला याच गोष्टीवर त्यांचं भाषण ठरलेलं असे. नाव घेतल्यानं नवऱ्याचं आयुष्य कमी होत नाही, हे त्यांनी महाडातल्या दोन पिढ्यांना ऐकवलं होतं. तेच त्यांनी आता रखमाला ऐकवलं. पण रखमासमोर सासू बसलेली, आणि पूर्ण नाव म्हणजे मधे सासऱ्याचंही नाव आलं. तिनं पदर तोंडाला लावला.

ठमाबाई बाकावर पुढं सरकल्या. मग त्यांनी सुनेच्या पाठीवर हात ठेवला.

"घे गो," त्या म्हणाल्या. "त्यानं तुजं घेतलं नाय म्हनून बोट चुकत्येय. तू बी नाय घेतलंस तं हितंच ऱ्हाशील. आन सासऱ्याचं बी घे. त्यो कवाच वर गेला, त्याचं आयुष्य आता काय कमी व्हायाचं?"

रखमा उठली. तिनं रिसीव्हर उलटाच धरला, तो बाईंनी सरळ करून दिला. तिनं डोक्यावरचा पदर नीट केला, जसा कोणी समोर उभं असताना करतात तसा.

"भागोजी रामा शेलार," ती म्हणाली. "गाव कुडपण."

आवाज लहान होता, पण पेढीच्या कोपऱ्यापर्यंत पोचला. बाई रिसीव्हर घ्यायला पुढं झाल्या, तर ती सोडीना.

"आन त्यांना कळवा, माजं नाव रखमा हाय. आता येकदा तरी घ्या म्हनावं."

बाईंनी डोळे पुसले आणि मगच रिसीव्हर कानाला लावला.

"हॅलो… ऐकलंस?… साहेबांनीही?… काय म्हणाले?… धरली जागा? बाळ, तुझ्या तोंडात साखर पडो… हो, मंगळवारी सकाळीच पोचतील… नाचणीचं पीठ न्यायला चालेल ना?… आणि सुकट?… अरे, घट्ट बांधून… बरं, सुकट नको… आणखी काय?… साक्षीदार? मीच की… लिही माझं नाव… तुला माहीत आहे ना… साहेब लिहितायत? स्वतः?… विनोदिनी… हो, विनोदिनी… पुढं?… पुढं आमचे हे… वकील आहेत, महाडातले… पूर्ण?… अरे, तू सांग ना त्यांना…"

बाईंच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या. लोका सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण, हे त्यांना आत्ता पेढीभर लोकांसमक्ष कळत होतं. लग्नाला अठरा वर्षं झाली होती, आणि इतक्या वर्षांत त्यांनी ते नाव उखाण्याशिवाय एकदाही घेतलं नव्हतं. उखाणासुद्धा घाईघाईनं म्हटला होता.

रखमा त्यांच्याकडे बघत होती. चेहऱ्यावर थट्टा नव्हती.

"घ्या ना बाई," ती म्हणाली. "आयुष्य कमी होत नाय."

"हॅलो… कोण?… वेळ संपली? अहो, थांबा, तोडू नका… बाळ, आहेस?… घे लिहून. विनोदिनी हरी पोतनीस… हरी… हो रे, हरी, हरी… लिहिलं?… मग फाड तिकीट. रखमाच्या नावानं फाड हं, घरातलीच्या नको… हॅलो?… हॅलो?…"

लाइन तुटली होती. रखमा खाली वाकून ट्रंकेतली सुकट बाहेर काढत होती.