सर्वानुमते आमेन

अहो सिस्टर, हळू – चहाची किटली दाराजवळ आहे आणि अध्यक्षांचे कान किटलीजवळ. मतदान कधी झालं म्हणता? झालं की! आत्ताच, तुमच्यासमोर – म्हणजे आपण डोळे मिटून बसलो होतो तेव्हा. सुरुवातीच्या प्रार्थनेत अध्यक्ष काय म्हणाले? ‘हे प्रभू, कोपऱ्यातली ती खोली तुझ्या गौरवासाठी लवकर मोकळी होवो.’ आणि आपण सगळे काय म्हणालो? आमेन. तुम्हीही म्हणालात, मी ऐकलं. झालं – ठराव सर्वानुमते मंजूर. आता भर सभेत उठून ‘मला देवाकडे केलेली ही मागणी मान्य नाही’ असं कोण म्हणणार? तुम्ही म्हणाल? नाही ना? मग घ्या, बिस्किट घ्या.

नव्या आहात म्हणून सांगतो. शाळेच्या समितीत आपण सगळे बिनपगारी, सेवाभावी – आणि फुकट राबणाऱ्याला जाब विचारायचा नसतो, हीच तर आपली खरी मिळकत. तुम्ही कशा आलात समितीत? मुलींच्या संडासाला कडी नाही म्हणून भांडायला आलात आणि अध्यक्षांनी उभ्या उभ्या तुम्हाला सदस्य करून टाकलं. दाराला कडी बसली? नाही. तुमच्या तोंडाला बसली की नाही? – रागावू नका, आम्ही सगळे असेच आलोय. इथे प्रत्येकाला एकेक खातं. पाळकसाहेबांकडे संस्कार, औषधवाल्याकडे झाडं, तुम्ही दवाखान्यातल्या नर्स, तेव्हा तुमच्याकडे आता आरोग्य येईल. माझ्याकडे वाचन. का? तर माझं चष्म्याचं दुकान – अध्यक्ष म्हणाले, डोळ्यांचा माणूस आहे, वाचन यालाच द्या. सहामाहीला एकदा यायचं, मुलांच्या त्या एवढ्याशा खुर्चीत बसायचं – गुडघे हनुवटीला टेकतात – ‘वाचन समाधानकारक’ म्हणायचं आणि कुणी हात दिला की उठायचं.

कुठली खोली म्हणजे? अहो, गुणगुणबाईंची. ज्या मुलांना वाचता येत नाही ती तिथे दोघं-दोघं जातात. बाई आधी ओळ गुणगुणतात, मग बोट ठेवून वाचून घेतात – म्हणून मुलांनी ठेवलेलं नाव. तिथे आता अध्यक्षांच्या आईंच्या नावाची प्रार्थनेची खोली होणार. लाकडाची वखार त्यांची, तेव्हा बाकं घरचीच. बाईंचं काय? बाईंचं काय व्हायचंय – खोली नाही तर तास नाही, तास नाही तर बाई नाही. ते प्रार्थनेत मागावं लागत नाही, आपोआप होतं. मोठ्या बाईंनी मागे एकदा तोंड उघडलं होतं, मुख्याध्यापिका आहेत शेवटी – तर अध्यक्ष अगदी मऊ आवाजात म्हणाले, ‘बाई, आपण हे प्रार्थनेत ठेवू या.’ तेव्हापासून त्या सभेला चहा फार छान करतात.

मुलं शिकतात का तिथे? शिकतात हो – हे वाचन-सदस्य म्हणून नाही सांगत, आजोबा म्हणून सांगतो. माझी नात जाते तिथे. तिला वाचता येईना, तर मी चष्मा करून दिला. मग नंबर बदलून दुसरा. मग तिसरा. शेवटी पोरगी म्हणाली, ‘आजोबा, अक्षरं मोठी झाली, पण पळतात तशीच.’ सून म्हणाली, बाबा, पुरे आता चष्मे. आणि परवा पोरगी दुकानासमोर उभी राहून गुणगुणायला लागली – मला वाटलं, गाणं म्हणतेय – तर पाटी वाचत होती. आपल्या दुकानाची पाटी. पूर्ण! एक काना राहिला, तर मागे फिरून तोही घेतला. समोर गिऱ्हाईक बसलेलं; त्याला म्हटलं, थांबा जरा, माझ्याच डोळ्यात काहीतरी गेलंय.

मग मी आमेन का म्हणालो? हा काय प्रश्न झाला, सिस्टर? सगळे म्हणतात. मुलगा माझा अध्यक्षांच्याच वखारीत मुकादम आहे, पण त्याचा इथे काही संबंध नाही – आपलं सहज सांगितलं. आणि एकदा प्रार्थनेत मी एक डोळा किलकिला केला होता – तर अध्यक्ष टक्क उघड्या डोळ्यांनी एकेकाचे ओठ बघत होते. तेव्हापासून मी जरा मोठ्यानंच म्हणतो. शिवाय, अजून पक्कं कुठे झालंय? शेवटच्या प्रार्थनेत उपकार मानले की मग पक्कं. त्याच्या आधी कुणी उठून बोललं, तर – कुणी म्हणजे, तुम्ही नव्या, तुम्हाला रीत माहीत नाही, तुमच्या तोंडून चुकून काही निघालं तर तुम्हाला कोण काय म्हणणार? मी सुचवत नाही हं. चुकून, म्हणतोय मी. मी कशाला –

काय, अध्यक्षसाहेब? – हो, आलोच. सिस्टरना जरा रीत समजावत होतो. – शेवटची प्रार्थना? आज मी? – नाही नाही, मोठा मान आहे, नाही कसं म्हणेन – खोलीसाठी उपकार मानायचे. हो, कळलं. मोठ्यानं. हो.

चला, सिस्टर. कप राहू द्या तिथेच. बसा. – असं बघू नका माझ्याकडे. सगळ्यांनी डोळे मिटलेत, तुम्हीच राहिलात. मिटा ना. मिटा म्हणतो ना, सिस्टर –

हे प्रभू, त्या खोलीसाठी आम्ही –