गोलखालची माणसं

समारंभाच्या अध्यक्षा, नगराध्यक्षा श्रीमती हॉलरॉइड, आदरणीय पाद्री टॅटरसॉल, आजचे सत्कारमूर्ती आणि ऑर्मस्ली टाउन फुटबॉल क्लबचे शेवटचे चेअरमन श्री. डेसमंड पिकर्सगिल, सौ. बेरिल पिकर्सगिल, आणि समोर पुडिंगची वाट पाहत बसलेल्या माझ्या माणसांनो,

मी एडना क्रॅबट्री. मैदानावरची चहाची टपरी मी चालवली, क्लबला टाळं लागेपर्यंत. मला सांगण्यात आलं, "एडना, चार गोड शब्द बोल आणि साहेबांच्या हाती हे घड्याळ दे." घड्याळ आणलंय. गोड शब्दांचं बघू.

क्लबचा इतिहास सांगायचा तर काय सांगू? गिरणीतल्या विणकरांनी सुट्टीच्या दिवशी दगड वेचून मैदान केलं. मोठा चषक आपण कधी जिंकलो नाही. एकदा उपांत्य फेरी गाठली, तर आपल्याच रॉनीने आपल्याच जाळ्यात चेंडू मारला. मान खाली घालू नकोस रॉनी, तेही कुणी विसरलेलं नाही.

पण एक रीत होती, ती दुसऱ्या कुणाकडे नसेल. आपलं माणूस गेलं की त्याची राख माझ्या टपरीतल्या चहाच्या डब्यात भरायची आणि उत्तरेकडच्या गोलमागे पुरायची. संघाला एक बचावपटू वाढला, असं म्हणायचे. माझा नवरा क्लिफ तिथेच आहे. गोलरक्षक नॉर्मन सामन्याआधी जमीन थोपटायचा, "क्लिफ, डावीकडे लक्ष ठेव रे." आणि गोल झाला की, "हा मेला तरी जागचा हलत नाही." मी टपरीतून ऐकायची आणि हसायची. मला याहून वेगळं सांत्वन कधी लागलं नाही.

मग मैदान विकलं गेलं. आम्ही विचारलं, डब्यांचं काय? तेव्हा चेअरमनसाहेब याच व्यासपीठावरून म्हणाले, "मंडळी, डबे केव्हाच गंजून गेले. आता सगळी माती. गेलेल्यांना शांत झोपू द्या." बायका रडल्या. मीही रडले. पाद्रीसाहेबांनी प्रार्थना म्हटली. फाटकाला कुलूप लागलं. येत्या सोमवारी तिथे डांबर पडणार, सुपरमार्केटला येणाऱ्यांच्या गाड्या लावायला.

या मंगळवारी खाटकाच्या दुकानात बेरिल भेटली. साधी बाई, पोटात काही ठेवत नाही. म्हणाली, "एडना, तुझा क्लिफ आला का गं घरी? आमचे मामंजी आले. डबा कसा, काल पुरल्यासारखा. डेसमंडने स्वतः उकरून आणला."

बेरिल, तू कशाला उठतेस? तुझा काय दोष? बस.

अध्यक्ष महोदया, घंटी वाजवू नका. माझ्या अंगाचा तिळपापड झालाय आणि तो घंटीने शांत होणार नाही. डेसमंड, आता साहेब वगैरे राहू दे. तुझ्या वडिलांचा डबा मी दिला होता. खड्ड्याशी तू हुंदके देत होतास, तेव्हा छत्री मी धरली होती. तुझा तो बाप, आणि आमची ती माती? क्लब बुडाला, ते आम्ही सोसलं. क्लब बुडतात. पण डबे शाबूत आहेत हे तुला ठाऊक होतं. आपला तेवढा काढलास आणि आमच्या माणसांवर डांबर ओतायला कुलूप लावून मोकळा झालास. मला तुझी चीड येते, आणि ती आज सगळ्यांसमोर सांगायला मला लाज वाटत नाही.

असो. आपण सर्वांनी शांतपणे ऐकून घेतलंत, स्वयंपाकघरातल्या मुलींनी पुडिंग थांबवून ठेवलं, त्यांचे आणि आपले मनापासून आभार. भाषणाची मला सवय नाही, काही कमीजास्त बोलले असेन तर पदरात घ्या.

घड्याळ मी देणार आहे, डेसमंड. आधी फाटकाची किल्ली या टेबलावर ठेव. नॉर्मन आणि रॉनीने फावडी आणलीत, दाराशी टेकवून ठेवलीत. किल्ली मिळेपर्यंत मी इथेच उभी आहे.