आटेल म्हणून चार बोटं जास्त

...अन् वरतून ते औषधाच्या दुकानातली पोरगी मलेच म्हणते, "काका, तुम्ही वाचलं काहून नाही?" वाचलं काहून नाही! अवं, वाचायचं काय होतं त्याच्यात? बोटभर चकचकीत पट्टी, तिच्यावर मुंगीच्या पायाएवढी अक्षरं, तीही इंग्रजीत, अन् नेमकी जिथं फाडाव तिथंच छापलेली! माह्या चष्म्याची एक दांडी दोऱ्यानं बांधलेली... तुम्हाले सांगतो, बीपीच्या गोळीनं माणूस वाचते म्हणतात, मी बीपीच्या गोळीनं पडलो. सपशेल! आपल्याच घरात, कूलरजवळ.

तसा मी काही अडाणी नाही हं. गांधीबागेत देवराव म्हणून विचारा कोणाले. अडतीस वर्षं कपड्याच्या दुकानात गेली. मालक सेठ, पण कैची माह्या हातात. डोळे झाकून, नुसतं चिमटीत धरून सांगू, भाऊ, हे पॉपलिन, हे टेरिकॉट! पण गोळी चिमटीत धरून काय समजते?

गोळी तशी अकरा वर्षांपासून चालू हाय. नाव? मले काय माहीत नाव! आमची सिंधू होती तोवर नावाची गरजच नाही पडली. सकाळी हात पुढं केला की तळहातावर गोळी पडे, अन् लगेच, "गिळली का? आ करा." आ! असा आ करून दाखवाव लागे, बालवाडीतल्या पोरासारखा. लय राग ये मले. आता दोन वर्षं झाली सिंधूले जाऊन. गोळी मीच काढतो, मीच माह्या हातावर ठेवतो, मीच गिळतो. कोणी आ करा म्हणत नाही. अन् काही अडलं, काही समजलं नाही, तं विचारू कोणाले?

पोरगा हाय नं! प्रशिक. पुण्याले, कॉम्प्युटरमध्ये. चांगला हाय पोरगा, उगाच नावं ठेवणार नाही. माय गेल्यावर त्यानंच मोबाइलवरून बंदोबस्त लावला, महिन्याच्या महिन्याले गोळ्यांचं पार्सल घरपोच. पार्सल माह्या दारात पोचलं की तिकडं पुण्यात त्याच्या मोबाइलवर टिंग वाजते, अन् मग तो फोन करते. "बाबा, मिळाल्या का गोळ्या?" मिळाल्या बेटा. "घेता नं वेळेवर?" घेतो. "बरं, ठेवू?" ...ठेव. झालं! छत्तीस सेकंद. मी काही मोजत नाही, मोबाइलच दाखवते. पण त्या दिवशी मी सकाळीच दाढी करून बसतो. आता फोनवर दाढी दिसते का? नाही दिसत. तरी करतो.

तं एप्रिलात पार्सल कुठंतरी अडकलं. डब्यात चारच गोळ्या. मी आपला डॉक्टरची चिठ्ठी अन् रिकामी पट्टी घेऊन कोपऱ्यावरच्या जेनेरिक औषधाच्या दुकानात गेलो. तिथं मेघा बसते, शिकलेली पोरगी, तोंडानं फटकळ. तिनं चिठ्ठी पाहिली, दुसरीच पट्टी काढून दिली. "घ्या काका, औषध हेच हाय." भाव ऐकला अन् मले हसूच आलं. दोन प्लेट पोह्यात पट्टी! म्हटलं, पोरी, माल हलका दिसून राहिला. ते म्हणते, "हलका नाही काका. कंपनीच्या नावाचे अन् जाहिरातीचे पैसे त्याच्यात नाहीत, म्हणून स्वस्त. आतलं औषध तेच अन् तेवढंच." म्हटलं हो, हो, बरोबर! दुकानदार हेच म्हणते. अडतीस वर्षं म्या दुसरं काय म्हटलं?

अन् दुसऱ्या दिवशी काय, पार्सल हजर! टिंग वाजली, फोन आला, छत्तीस सेकंद. आता टेबलावर दोन पट्ट्या. एक पुण्याची गुलाबी, एक मेघाची पांढरी. आता याच्यातली कोणती घ्याव? विचारू कोणाले? मेघाले विचारलं तं ते मेघाची सांगन, पोराले विचारलं तं पोराची. मग म्या आपला धंदा आठवला. बघा, हलकं कापड धुतलं की आटते. म्हणून हलकं कापड गिऱ्हाइकाले देतानी आम्ही चार बोटं जास्त फाडतो. मग हे स्वस्त गोळी पोटात जाईन, भिजन, अन् आटली तं? बीपी उघडं नाही पडणार? म्हणून म्या जोड दिली. रोज एक पांढरी, तिच्यासंगं एक गुलाबी! चार बोटं जास्त! काय डोकं चालवलं म्हणून स्वतःवरच खुश, सांगून राहिलो तुम्हाले.

चौथ्या दिवशी पायाचे घोटे सुजले. म्हटलं उन्हानं. उठलो की भिंत फिरे. म्हटलं तेही उन्हानं. नागपुरात मे महिन्याच्या तोंडावर कोणाची भिंत फिरत नाही? पाचव्या दिवशी सकाळी कूलरमध्ये पाणी टाकाले बादली उचलली... अन् मी खाली. बादली माह्यावर. डोळे उघडले तं पाणी कानाखालून पलंगाकडं चाललं होतं. पलंगाखाली सिंधूची रबरी चप्पल पडलेली, एकच, ते पाण्यासंगं हळूहळू सरकत माह्या नाकापाशी आली. दोन वर्षांनी! तेव्हा मात्र रडू आलं मले. पण पडल्या पडल्या रडताही येत नाही हो, कानात पाणी जाते.

खिशातला मोबाइल ओला, पण चालू. पोराले लावला. "बाबा, मीटिंगमध्ये आहे. पार्सल तर मिळालं नं?" मिळालं. "सगळं ठीक?" म्हटलं, ठीक. आता जमिनीवर आडवा पडून आणखी काय सांगू, अन् मीटिंगमध्ये काय सांगू? अर्ध्या तासानं भिंत धरत धरत उठलो, दोन्ही पट्ट्या घेतल्या अन् मेघाचं दुकान गाठलं.

तिनं दंडाले पट्टा लावला, मशीन फुगवलं, बीपीचा आकडा पार खाली, अन् तिचंच तोंड उतरलं. "काका, आज काय काय घेतलं?" टेबलावर ठेवल्या दोन्ही. तिनं उलट्या केल्या. "वरचं मोठं नाव सोडा. हे बारीक वाचा." चष्मा धरून वाचलं... ॲम्लोडिपिन, पाच एमजी. "आता हे वाचा." ॲम्लोडिपिन... पाच एमजी! "दोन औषधं नाहीत काका हे! एकच औषध तुम्ही रोज डबल खाऊन राहिले!" म्हटलं, म्हणजे माल एक, छाप दोन? "तसंच समजा." घ्या! एकाच गिरणीचं कापडाचं थान, एक छाप लग्नाच्या गिऱ्हाइकाले अन् दुसरी रोजच्या वापराले, हे म्या माह्या हातानं विकलं जन्मभर! अन् मीच फसलो, तेही फुकट समजावलेलं असतानी.

दुकान बंद करून ते मले रिक्षात घालून डॉक्टरकडं घेऊन गेली. डॉक्टर म्हणे, "कोणतीही घ्या, पण एकच घ्या. मनानं वाढवायची नाही, मनानं बंद करायची नाही." ठीक. मेघा म्हणे, "मग आता पुण्याचं पार्सल बंद करा."

इथं अडलं माहं घोडं. पार्सल बंद, तं टिंग बंद. टिंग बंद, तं फोन बंद. बीपी मेघा पाहीन हो, पण छत्तीस सेकंद कोण देईन? हे विचारू कोणाले? डॉक्टरच्या चिठ्ठीत बसते का हे? म्हणून मी गप. मेचं पार्सल आलं, पेटीत ठेवलं. जूनचं आलं, पेटीत ठेवलं. मेघाले समजलं तशी भडकली माह्यावर. "घरात ढीग लावता? एखाद दिवशी पुन्हा दोन्ही गिळसान! लावा फोन, माह्यासमोर!"

लावला. सांगितलं सगळं, कूलर, बादली, सगळं. मग असा रागावला पोरगा, असा रागावला! "पडले होते अन् मले ठीक म्हणून सांगितलं? काहून, बाबा?" पुण्याची भाषा विसरला, घरच्या बोलीत ओरडला. अकरा मिनिटं! एवढं बरं वाटलं मले, तुम्हाले काय सांगू. शेवटी म्हणे, पार्सल बंद करतो, पण आता तुम्हाले रोज फोन येईन, अशी व्यवस्था लावतो. म्हटलं, रोज? म्हणे, रोज, आठ वाजता!

दुसऱ्या दिवशी ठोक्याले आठ वाजता फोन वाजला. पळत जाऊन उचलला. एक बाई, लय गोड आवाज. "नमस्ते। क्या आपने आज की दवा ली?" म्हटलं, घेतली बाई, एकच घेतली. "ली हो तो एक दबाइए।" म्हटलं, दाबतो, पण प्रशिकनं लावाले सांगितलं नं तुम्हाले? कसा हाय तो? जेवते का वेळेवर? "ली हो तो एक दबाइए।"

...दाबला एक.