इंदूच्या गोष्टीची वाटणी

देवाला कुलूप कशाला? तो पळून जाईल म्हणून, की आपल्याशिवाय दुसऱ्या कुणाला भेटेल म्हणून?

अहो मंडळी, डोळे वटारू नका! मागच्या खांबाआड खिदळतायत ना, त्या माझ्या वर्गातल्या मैत्रिणी. त्यांनीच पैज लावली – "देवळाच्या विश्वस्तांसमोर विचारून दाखव!" विचारला! भेळ त्यांच्याकडून! आणि उत्तर? ते माझ्या आजच्या कीर्तनातल्या आख्यानात आहे. पेटीवाले काका, जरा सूर धरा.

ऐका! आपल्याच गावात तीन भाऊ होते. थोरला केरबा, मधला दौलत, धाकटा शिदोजी. धंदा काय? तंबूतला सिनेमा! जत्रा आली की तंबू ठोकायचा आणि बोलपट दाखवायचा – 'इंदू कुठं निघाली?' दरवर्षी तोच! लोकांना संवाद पाठ, तरी हसून हसून तंबूच्या दोऱ्या सुटायच्या म्हणे!

मग भाऊ भांडले. कशावरून? ते त्यांनाही आठवत नाही! वाटणी झाली. मशीन थोरल्याला, तंबू मधल्याला, जीप धाकट्याला. आणि सिनेमा? रिळांचे सहा डबे होते. पंच म्हणाले, "दोन-दोन घ्या की!" घेतले! सुरुवात थोरल्याकडे, मधला भाग मधल्याकडे, शेवट धाकट्याकडे! हसताय काय? तुम्ही विहिरीचे वार वाटून घेतलेत ना?

त्यानंतर लग्न होऊन थोरल्याच्या घरात आली सगुणाकाकी. दसऱ्याला केरबा डब्यांना हळदकुंकू वाहायचा आणि भिंतीवर सुरुवात दाखवायचा. इंदू ट्रंक घेऊन फाट्यावर उभी! इकडं मोटारवाला, तिकडं बैलगाडीवाला, दोघंही म्हणतात "बस!" – आणि भिंत पांढरी!

"अहो, मग बसली कुणाच्या गाडीत?"

"ते दौलतच्या वाट्यात."

"तोंडानं तरी सांगा!"

"सगुणे, दुसऱ्याच्या वाट्यातलं घ्यायचं नाही. तोंडानंसुद्धा नाही!"

काय म्हणावं या माणसाला! काकीनं सत्तेचाळीस दसरे असे काढले. केरबा अंथरुणाला खिळला, तेव्हा तिनं कानाशी जाऊन विचारलं, "आता तरी सांगा." तो म्हणाला, "दौलतला विचार." आणि गेला! दौलतशी बोलणं कुठं होतं? आणि गावातल्या दुसऱ्या कुणाकडून ऐकणं म्हणजे नवऱ्याचा शब्द मोडणं!

दोन वर्षांपूर्वी घरात आंबूस वास सुटला. काकी सुनेवर खेकसली, "लोणचं नासवलंस!" सगळ्या बरण्या हुंगून झाल्या. लोणचं ठणठणीत! वास येत होता रिळांच्या डब्यांना. सुनेनं कोल्हापूरला फोन लावला. तिकडून अन्विताताई आल्या. त्यांचं मंडळ जुने सिनेमे कॉम्प्युटरवर उतरवून घेतं आणि इंटरनेटवर ठेवतं. कुणीही, कुठूनही बघा. पैसे नाहीत!

"काकी, रीळ आंबतंय. आणखी आखडलं की उलगडणारच नाही. आणि या सिनेमाची दुसरी प्रत आम्हाला कुठंच सापडली नाही."

काकीनं डबे तिथंच पुढं सरकवले. पण दौलतराव? ते काठी आपटत आले, खिशात जुनं तिकीटबुक!

"फुकट? मग दाराशी तिकीट कोण फाडणार?"

"आजोबा, दारच नाही!"

"दार नाही, मग लोक शिरतील कुठून?"

"जगभरातून!"

दौलतरावांनी काठी भिंतीला टेकवली. मग हळूच म्हणाले, "माझं नाव आधी येईल?" त्यांचेही दोन डबे आले! चारही डबे उतरले, इंटरनेटवर चढले. काकीनं सुनेच्या फोनवर जन्मात पहिल्यांदा मधला भाग पाहिला. आणि सांगू? इंदू मोटारीत नाही, बैलगाडीतही नाही – ट्रंक डोक्यावर घेऊन चालत निघाली! काकीनं टाळी वाजवली, "शाब्बास गं माझी बाई!" इंदू नदीवर पोचली, मागं वळली, म्हणाली, "ऐका, मी ठरवलंय –" आणि अंधार!

आता काय! इंटरनेटवर सिनेमाच्या खाली सांगलीपासून सिडनीपर्यंतची माणसं लिहितायत, "पुढं काय?" एकानं तर लिहिलं, "शेवट ज्यांच्याकडे असेल, त्यांच्या पाया पडतो."

शेवट कुणाकडे? शिदोजी गेला. डबे त्याच्या मुलाकडे. देवघराच्या कपाटात, कुलपात, चावी कमरेला! काकी तीनदा गेली. दर वेळी चहा मिळाला. चहा उत्तम! चावी नाही! "वाटणीत आलंय, काकी." मंडळी, काकीचा एक डोळा गेलाय, दुसऱ्याला किती दिवस ते डॉक्टरही सांगत नाहीत. आणि कपाटातून वास यायला लागलाय.

त्या मुलाचं नाव? कशाला सांगू! ते बघा पहिल्या रांगेत, कमरेची चावी चाचपतायत. बाबा, नमस्कार!

आणि मंडळी, तुम्ही बाबांकडे बघून हसू नका! तुमच्या ट्रंकांत आजीच्या ओव्यांच्या कॅसेटी आहेत, आजोबांच्या भजनाच्या वह्या आहेत. कधी उघडल्या? आधी घरी जाऊन हुंगून बघा!

आता माझ्या प्रश्नाचं उत्तर. देव कुठं पळत नाही हो, आत बसून आंबतो!

आई, बाबा, ऐका, मी ठरवलंय – उद्या सकाळी सातच्या एसटीनं मी सगुणाकाकीला आणि दोन्ही डब्यांना घेऊन कोल्हापूरला जाणार. आई, डबा बांधून दे – चपातीचा! बाबा, चावी आत्ता, इथं, देवासमोर ठेवा.

आणि जुन्या मंडळींनो, एक. शेवट तुम्हाला ठाऊक आहे ना? काकीला सांगू नका हं. तिला तो स्वतः बघायचाय.