पालथं ताट

आदरणीय अध्यक्ष महोदय, व्यासपीठावरचे सन्माननीय पाहुणे, आज ज्यांना आपण निरोप देतोय ते आपले मुख्याध्यापक सर, त्यांच्या पत्नी, शिक्षकवर्ग आणि मागे दाटीवाटीने बसलेले आम्ही सगळे माजी विद्यार्थी, सर्वांना माझा नमस्कार.

मी इथल्या इस्पितळात मुलांची डॉक्टर आहे आणि याच शाळेची विद्यार्थिनी. शाळेत दुपारचं जेवण सरांनी सुरू केलं, म्हणून त्या जेवणाच्या फायद्यांवर मी बोलावं, असं अध्यक्षांनी सुचवलं. बोलते की! फायदे काय थोडे आहेत? पोटात अन्न असलं की पोराचं लक्ष फळ्यावर राहतं. अंगात रक्त भरतं, उंची वाढते. घरी भांडी घासत बसणाऱ्या मुली शाळेत यायला लागतात. बंगल्यातलं पोर आणि झोपडीतलं पोर मांडीला मांडी लावून जेवतं. यातला शब्दन् शब्द खरा आहे आणि श्रेय सरांचं आहे. टाळ्या वाजवा ना, हात का आखडताय?

आणि सरांची शिस्त! नव्या शिक्षकांना ती ठाऊक नसेल. कुणी चुकलं तर छडी नाही. छे, सर फार मवाळ! चुकलेल्याने फक्त जेवणाच्या रांगेत बसायचं, ताट पुढ्यात पालथं घालून. आजूबाजूचे जेवायचे, त्याने बघायचं. ज्याचा अपराध केला असेल, त्यानेच येऊन ते ताट सरळ करायचं. तोवर दुसऱ्या कुणी हात लावायचा नाही.

माझा दादा तेव्हा चौथीत होता. मी शाळेच्या वयाची नव्हते, उंबऱ्यावर बसून त्याची वाट बघायचे. जेवणात उकडलेलं अंडं असलं की तो ते खिशात घालून माझ्यासाठी आणायचा. एकदा ते खिशातच चेंगरलं. सरांनी सगळ्यांसमोर त्याचा खिसा उलटा केला. "शाळेच्या अन्नाची चोरी म्हणजे माझा अपराध," सर म्हणाले. "कुणासाठी नेत होतास, बोल!" दादा बोलला नाही. त्याला वाटलं, नाव सांगितलं तर पुढे माझंही ताट पालथं घालतील. आठवडाभर तो त्या ताटापुढे बसला. सर रोज त्याच्यासमोरून जायचे. पुढच्या सोमवारी तो शाळेत गेलाच नाही. आईने मारलं, हाताला धरून ओढलं, तरी नाही. त्यानंतर कधीच नाही.

सर, ठसका लागला का? अहो, कुणीतरी सरांना पाणी द्या. पाण्याला इथे कधीच बंदी नव्हती.

पुढे मी शाळेत आले. पोटभर जेवले, मागून मागून अंडी खाल्ली, शिकले, डॉक्टर झाले. दादा गोदामात पोती वाहतो. त्याची पाठ पार गेलीय, औषध मीच देते. शाळेतल्या जेवणाचा फायदा बघायचा असेल तर आमच्या घरी या, जेवलेलं पोर आणि उपाशी ठेवलेलं पोर एकाच छपराखाली बघायला मिळेल.

आता भोजनाकडे वळू. आजचं जेवण माझ्याकडून आहे. मधल्या टेबलावर सरांची जागा आहे आणि ताट पालथं घालून ठेवलंय. हसू नका हो, सरांचाच नियम आहे. ते फक्त दादाने सरळ करायचं. आणि तो करेल, धावत येऊन करेल! त्याच्या मनात कसला म्हणून राग नाही. "सर कडक होते, पण माझं अक्षर त्यांनीच सुधारलं," असं अजून कौतुकाने सांगत असतो. या कार्यक्रमासाठी त्याने शर्टाला इस्त्री करून ठेवलीय, सरांसाठी हार सांगून ठेवलाय.

म्हणून मी त्याला सांगितलंय, कार्यक्रम उद्या आहे.

आपण सर्वांनी शांतपणे ऐकून घेतलंत, मी मनापासून आभारी आहे. बोलताना काही कमी-जास्त झालं असेल तर सांभाळून घ्या. सर, तुम्ही माफ केलं नाहीत तरी चालेल, आमच्या घराला सवय आहे. चला मंडळी, जेवण गार होतंय.