आठव्या मजल्यावरची मोकळी जागा

वहिनी, पोरांनो, आणि आपल्या इमारतीतल्या सगळ्या मंडळींनो,

एवढी माणसं या हॉलमध्ये मी पहिल्यांदाच बघतेय. वार्षिक सभेला खुर्च्या रिकाम्या असतात, आज मागे लोक उभे आहेत. परब असते तर त्यांच्या मालवणीत म्हणाले असते, "कांबळेबाई, कोरम झालो, सुरू करा." हसा, हसायला हरकत नाही. मलाही हसू येतंय आणि रडूही येतंय. पालिकेच्या शाळेत जन्मभर पोरांवर ओरडले, पण आज परबांच्या या फोटोकडे पाठ करून बोलणं मला जमत नाहीये. म्हणून जरा तिरकी उभी राहते. चालवून घ्या.

नव्याने राहायला आलेल्यांसाठी सांगते. मी कमल कांबळे, या सोसायटीची अध्यक्ष. दत्ताराम परब आमचे सेक्रेटरी. आमची चाळ पाडून इथे करी रोडला हा टॉवर उभा राहिला, तेव्हापासून तेच. बुधवारी सकाळी छातीत कळ आली आणि माणूस गेला. कमिटीतले दोघं तर आधीच घर विकून बदलापूरला गेलेत. आता परबांची जागा भरली नाही आणि नवीन कोणी पुढे आलं नाही, तर कमिटी टिकत नाही. मग वरून प्रशासक नेमला जाईल. बाहेरचा माणूस. आपली पाण्याची टाकी कुठे आहे इथपासून त्याला दाखवावं लागेल. परवा ग्रुपवर मी विचारलं, कोण येतंय? सगळ्यांनी हात जोडल्याचं चित्र पाठवलं. अहो, हात जोडून लिफ्ट चालते का?

मला माहितीये तुम्ही का येत नाही. या कामापायी परबांना काय सोसावं लागलं ते तुम्ही बघितलंय. तेच आज सांगते.

चाळीत असताना आपलं बरं होतं. नळ आटला, जिना मोडला, घाला शिव्या घरमालकाला. मालक हक्काचा होता. टॉवरमध्ये आलो आणि आपणच मालक झालो. माझं घर माझं, तुमचं तुमचं. पण लिफ्ट कोणाची? गच्ची कोणाची? जिन्यातला दिवा गेला तर तो कोणी बदलायचा? सगळ्यांचं आहे म्हटलं की कोणीच बघत नाही, हे आपण पहिल्याच वर्षी अनुभवलं. म्हणून सोसायटी लागते. आणि सोसायटी म्हणजे काय, तर आपल्यातल्याच कोणीतरी आपल्यातल्याच कोणाला तरी "नाही" म्हणायचं. परक्याला नाही म्हणणं सोपं असतं हो. ज्याच्या आईच्या हातची कुळथाची पिठी खाऊन आपण वाढलो, त्याला नाही म्हणून दाखवा.

परबांनी म्हणून दाखवलं.

आठव्या मजल्यावर एक मोकळी जागा आहे, रेफ्यूज एरिया म्हणतात. आग लागली तर वरच्या मजल्यांवरच्या लोकांनी तिथे येऊन थांबायचं, म्हणून कायद्याने रिकामी ठेवलेली. आपण चाळकरी. आपल्याला रिकामी जागा दिसली की हात शिवशिवतात. नवीन घरात जुनं सामान मावेना, मग हळूहळू ते तिथे गेलं. पत्र्याच्या ट्रंका, पिंपं, दळायची जाती, सासूबाईंचं कपाट, गिरणीत असताना सासऱ्यांनी घेतलेला पलंग. वर दोऱ्या बांधून पापड वाळायला लागले. छान संसार मांडला होता.

परबांनी नोटीस लावली: आठव्या मजल्यावरची अडगळ हलवा. चुकलंच त्यांचं. आईबापाच्या वस्तूंना कोणी अडगळ म्हणतं का? सगळी इमारत रागाने पेटली. मी त्यांना झापलं. म्हटलं, परब, तुम्ही कायद्याने बरोबर आणि तोंडाने फाटके. दुसऱ्या दिवशी हा माणूस दारोदार गेला. म्हणाला, शब्द मागे घेतो, माफी मागतो, पण जागा रिकामी करा. आणि सगळ्यात आधी उतरला तो त्यांच्या वडिलांचा पलंग. वहिनी, तुम्ही त्या दिवशी रडलात, ते मी पाहिलंय.

तरी लोकांचा राग गेला नाही. नानांचा तर मुळीच नाही. नाना घाडी, चाळीतले आपले सर्वात मोठे. नाना, नाव घेतलं म्हणून रागावू नका, कालच तुम्ही म्हणालात, बाई, सांगा सगळ्यांना. नानांनी फतवा काढला: परबाकडे गणपतीला कोणी जायचं नाही. आणि कोणी गेलं नाही. लालबाग-परळच्या माणसाला याहून मोठी शिक्षा नाही. घरात गणपती बसलाय, दार सताड उघडं आहे, आणि शेजारचं एक माणूस आरतीला येत नाही!

मी गेले. मी बौद्ध, आमच्या घरी गणपती नसतो, मला आरत्या येत नाहीत. पण चाळीत असल्यापासून जयंतीला परब आमच्याकडे खीर खायला यायचे. मग मी नको जायला? आत परब आणि वहिनी, दोघंच. परब झांज वाजवतायत आणि वहिनी टाळ्या. मी कोपऱ्यात बसून राहिले. आरती झाल्यावर हातात मोदक ठेवला, तेव्हा मी म्हटलं, सोडा हो हे सेक्रेटरीपद, काय मिळतंय तुम्हाला? तर मालवणीत म्हणाले, "बाई, शेजारी शेजाऱ्याक भांडलो तर दोघांकाय रवणा कठीण. सेक्रेटरीक भांडलो तर काय बिघडता? माज्यार राग काढूदेत नि सुखान रवूदेत."

मंडळी, मी इतकी पुस्तकं शिकवली, पण सोसायटी कशाला असते हे मला त्या मोदकाबरोबर कळलं. वरच्याच्या बाथरूमचं पाणी खालच्याच्या छतातून गळतं. चाळीत एका ताटात जेवलेली दोन घरं असतात. समोरासमोर भांडली तर जन्माची तुटतील. मधे परब जातात, दोघांना नोटीस देतात, दोघांच्या शिव्या खातात, आणि गळती बंद होते. ती दोन घरं आज इथे शेजारी शेजारी बसलीयेत. नावं घेत नाही. एकमेकांकडे बघून हसताय, ते दिसतंय मला.

आणि मग गेल्या उन्हाळ्यातली ती दुपार. वायरिंगच्या डक्टमधून धूर निघाला, जिना काळा झाला. वरची सगळी माणसं भिंत चाचपत आठव्यावर आली. तिथे ट्रंक नव्हती, पिंप नव्हतं, पाय अडकेल असं काही नव्हतं. मोकळी हवा होती. नाना तिथेच जमिनीवर बसले, त्यांची नात मांडीवर. अग्निशमन दलाची माणसं येईपर्यंत सगळे तिथे होते आणि सगळे सुखरूप खाली आले. नानांनी परबांचे दोन्ही हात धरले. दुसरा कोणी असता तर ऐकवलं असतं, बघा, सांगत होतो ना! परब म्हणाले, "नाना, दारासमोरचा चपलांचा स्टँड आता तरी आत घ्या."

असा माणूस होता. हट्टी, तोंडाचा फटकळ आणि सोन्यासारखा. मला त्यांची फार आठवण येते. सकाळी लिफ्टचं दार उघडलं की वाटतं, आता आत उभे असतील आणि म्हणतील, बाई, पंपाचा आवाज ऐकलात?

वहिनी, तुम्हाला मी सांत्वनाचं काय सांगू? एवढंच सांगते, या इमारतीत प्रशासक येणार नाही. मी येऊ देणार नाही. अध्यक्षाची खुर्ची दुसऱ्या कोणाला द्या, सेक्रेटरीचं काम उद्यापासून मी बघते. माझे गुडघे दुखतात, पण जीभ अजून धडधाकट आहे. मात्र एकटीने कमिटी होत नाही. मला माणसं लागतील.

चला, उठा सगळे. नाना, तुम्ही बसूनच राहा, तुम्हाला माफ आहे. दोन मिनिटं परबांसाठी शांत उभं राहायचं. मोबाईल बंद. वेळ संपली की मी "बसा" म्हणेन. तेव्हा ज्यांना बसायचंय त्यांनी खुशाल बसा, मी कोणाला काही म्हणणार नाही. ज्यांना कमिटीत यायचंय, त्यांनी बसू नका.