रेघांचे खांब, ठिपक्यांचे खांब

दवाखान्यात माझ्या समोरच्या बाकावर एक म्हातारी आई, तिची मुलगी आणि मुलगा बसले होते. मुलीच्या हातात आईच्या बीपीचा आलेख होता, दर महिन्याचा एक खांब.

"ताई, हे तिरप्या रेघांचे खांब कोणाचे?"

"आई तुझ्याकडे होती ते महिने. ठिपक्यांचे माझ्याकडचे."

"सरळ रंग द्यायचे की!"

"दिले होते. आमच्या ऑफिसचा प्रिंटर काळा-पांढरा, सगळेच करडे आले. मग बसले एकेका खांबात नक्षी भरत."

"म्हणजे माझ्याच घरी आईचं बीपी वाढतं, असं डॉक्टरांना दाखवायचंय तर."

"माझे ठिपके काय कमी उंच आहेत? नीट बघ तरी."

"त्यापेक्षा सगळे एकसारखे कर ना. डॉक्टरांना उंचीशी मतलब."

"अगं, आणि हे मधले दोन बुटके? यांत काही भरायचं विसरलीस का?"

"विसरले नाही, आई. ते दोन महिने तू तुझ्या घरी एकटी होतीस, म्हणून कोरे ठेवले."

"बघू इकडे."

"चष्मा देऊ?"

"नको, दिसतंय. पुढचे सगळे असेच काढ हो, कोरे. तेवढीच तुझी मेहनत वाचेल."